लेन्स आपली, पार्ट त्यांचे

आधीच सांगून टाकतो, कंपनीने कॅमेऱ्याच्या लेन्सची रिपेअर स्वस्त करावी असं माझं म्हणणं नाहीये. त्यांनी खुशाल तीस हजार घ्यावेत, चाळीस घ्यावेत, त्यांचं एसी सर्व्हिस सेंटर आहे, शिकवून तयार केलेली माणसं आहेत, मशिनरी आहे, त्याचे पैसे लागणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की जो पार्ट तुटलाय तो बाहेरही विका. मला विका, माझ्या रिपेअरवाल्याला विका, पाकिटावर एमआरपी छापून, बिल देऊन, काउंटरवर. पुढचं आमचं आम्ही बघतो.

मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं, जे मिळेल ते शूट करतो. माझी २४-७० एफ २.८ लेन्स (२४ ते ७० मिलिमीटर झूम होणारी) २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी ईएमआयवर घेतलेली, घरी तेव्हा किंमत निम्मी सांगितली होती आणि अजूनही घरच्यांना निम्मीच माहितीये. पहिल्या पर्वणीला अंधारात उठून गंगेवर गेलो होतो (बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), तिथे काढलेला एका साधूचा फोटो अजून हॉलमध्ये लावलेला आहे. सांगायचा मुद्दा असा की या लेन्सने मला पैसे पण दिले आणि थोडीफार इज्जत पण दिली, आणि २०२७ चा सिंहस्थ पण हिच्यावरच करायचा असं डोक्यात होतं.

तर मागच्या डिसेंबरात संभाजीनगर रोडच्या एका लॉन्सवर लग्न होतं. अंतरपाट धरलेला, गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकावर, लोक अक्षता घेऊन तयार, आणि मी झूम करून शटर दाबलं तर कॅमेऱ्यावर एरर. लेन्सशी संपर्क होत नाहीये, कॉन्टॅक्ट पुसा. पुसले, शर्टालाच पुसले, परत तेच. मग लक्षात आलं की २४ ते ५० पर्यंत सगळं ठीक चालतंय, ५० च्या पुढे झूम केलं की मरतंय, आणि त्यातही अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडं म्हणजे २.८ ठेवलं तर एरर येतच नाही. मग काय, उरलेलं सगळं लग्न २.८ वर काढलं. एवढ्या उघड्या अपर्चरवर पुढचे-मागचे सगळे एकदम शार्प येत नाहीत, त्यामुळे ग्रुप फोटोत मागच्या रांगेतली सगळी काकामंडळी धूसर आली आणि त्यातले एक अजून भेटले की विचारतात, आमचाच फोटो असा का रे.

लेन्स कंपनीच्या नाशिकच्या कलेक्शन पॉइंटला दिली, ती मुंबईला गेली, आठ दिवसांनी मेलवर एस्टिमेट. अपर्चर युनिट असेंब्ली १९,२००. लेबर ४,५००. वर १८ टक्के जीएसटी. टोटल २७,९६६ रुपये. खाली बारीक अक्षरात एक ओळ, एस्टिमेट मान्य नसेल तर तपासणीचे १,१८० भरून लेन्स परत न्यावी, कुरिअर वेगळं. आता बाजारात ही लेन्स सेकंडहँड विकायला काढली असती तर चाळीसच्या आसपास आले असते, चांगल्या कंडिशनमध्ये, कारण सगळे मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नवीन कॅमेऱ्यांकडे पळतायत. म्हणजे लेन्सच्या आजच्या किमतीच्या दोन तृतीयांश पैसे एका रिपेअरला.

मी फोन केला. नेमकं तुटलंय काय ते सांगा म्हणलं. सर, युनिट बदलावं लागेल. हो, पण युनिटमधलं काय गेलंय, फ्लेक्स (आतली सिग्नल नेणारी चपटी, लवचिक वायर) गेलीये का? हो सर, फ्लेक्स ओपन दाखवतेय. मग फ्लेक्सच बदला ना. सर, ती सेपरेट पार्ट म्हणून येत नाही. मुलगी नम्र होती, तिचा काही दोष नाही, तिच्या स्क्रीनवर जे होतं ते ती वाचत होती. मी १,१८० भरले आणि लेन्स परत मागवली.

मग गेलो काकांकडे. रविवार कारंजाजवळ एका जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर बसतात, बोर्ड नाही, ज्याला माहितीये तोच येतो. रीळ कॅमेऱ्यांच्या काळापासूनचे रिपेअरवाले, साठी ओलांडलेली. मी म्हणालो काका, ५० च्या पुढे गेलं की एरर येतोय. त्यांनी लेन्स हातात पण घेतली नव्हती अजून, म्हणाले, "आणि टू पॉइंट एटला येत नाही, बरोबर? अरे पट्टी गेली. बस तू, चहा सांगतो."

पट्टी म्हणजे फ्लेक्स. त्यांनी माउंटचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या रिंगचे, स्क्रू काढले, आणि इथे एक गोष्ट मला त्यांनीच शिकवली, हे स्क्रू बघून वाटतं साधे फिलिप्स आहेत पण जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस स्टँडर्डचे असतात, साधा स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं झिजतं आणि मग स्क्रू निघतच नाही, त्यामुळे ज्याच्याकडे जेआयएसचा सेट नाही त्याला लेन्स देऊच नको. मग आतल्या बॅरलवरच्या प्रत्येक कॉलरच्या बाजूला त्यांनी पांढऱ्या मार्करने टोकाएवढे ठिपके दिले. ही कॉलर म्हणजे स्क्रूभोवतीची छोटी रिंग, तिचं भोक मधोमध नसतं, किंचित बाजूला असतं, फिरवली की काचेचा ग्रुप इकडचा तिकडे होतो, कंपनीत अलाइनमेंट याच्यावरच करतात. ठिपक्याला ठिपका जुळवून बसवली की काच परत जिथल्या तिथे. पाऊण तासाने त्यांनी चिमट्यात धरून पट्टी बाहेर काढली. ब्राऊन रंगाची, शेवयीसारखी चपटी, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा अरुंद. म्हणाले भिंग लाव. भिंगाखाली बघितलं तर तांब्याच्या समांतर रेघा, आणि जिथे पट्टी दुमडते तिथे दोन रेघांना आडवी चीर. केसाएवढी.

आता विचार करा. झूम रिंग फिरवली की ही पट्टी प्रत्येक वेळी दुमडते आणि उलगडते. एका लग्नात मी हजारदा झूम करत असेन, दहा वर्षं. तार असो, पट्टी असो, एकाच जागी वाकवत राहिलात की एक दिवस तुटणारच, आमच्या कंपनीत याला फटीग म्हणतात आणि अप्रेंटिस पोराला पण हे कळतं. मी लेन्स पाडली नव्हती, पाण्यात घातली नव्हती. तिची झीज झाली, जशी ब्रेकलायनरची होते, चेन-स्प्रॉकेटची होते. झिजणारा पार्ट वेगळा विकत मिळत नाही, ही गोष्ट मला पटतच नाही. बाइकवाल्याने तुम्हाला सांगितलं की ब्रेकलायनर वेगळं येत नाही, पूर्ण चाक घ्या, तर तुम्ही काय कराल?

पट्टी काकांनी मुंबईच्या एका माणसाकडून मागवली, त्याने चीनहून. ९०० रुपये. त्यांची मजुरी २,५००. अकरा दिवस गेले. घ्यायला गेलो तर भिंतीवर पेपरचं पान चारी कोपरे ताणून चिकटवलेलं, समोर ट्रायपॉड, म्हणाले काढ फोटो आणि चारी कोपरे मोठे करून बघ, बारीक टाइप वाचता येतोय का. येत होता. गॅरंटी विचारली तर म्हणाले, तीन महिने, माझ्या तोंडची. बिल नाही.

आता इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा माणूस ३,४०० विरुद्ध २७,९६६ असा हिशोब मांडून कंपनीला चोर ठरवणार. नाही. मी स्वतः फॅक्टरीत आहे, मला त्यांचा हिशोब कळतो. कस्टमरचा माल रिपेअरला आला की आम्ही पण शक्यतो आतला एक पार्ट शोधून बदलत बसत नाही, सबअसेंब्लीच बदलतो, कारण माणसाचा वेळ जातो, आणि एक पार्ट बदलून दुसरा महिन्याभरात गेला तर तो माल परत आपल्याच डोक्यावर येतो. लेन्सचं तर अजून नाजूक. काच किंचित कलली तरी फोटोची एक बाजू मऊ पडते. कंपनीकडे ते तपासायला ऑप्टिकल बेंच असतो, प्रत्येक काम झाल्यावर त्याच्यावर चढवतात, काकांकडे पेपरचं पान आहे. फरक आहेच. त्या फरकाचे पैसे घ्या की, मी कुठे नाही म्हणतोय. ज्याची लेन्स तीन लाखाची आहे, ज्याला बिल आणि लेखी वॉरंटी पाहिजे, तो कंपनीतच जाईल आणि जावंच.

पण १९,२०० हा भाव कशावरून आला? बाजार म्हणजे दोन दुकानं लागतात. इथे अस्सल पार्ट एकाकडेच आहे, सर्व्हिस मॅन्युअल एकाकडेच, मोटर किंवा स्टॅबिलायझर बदलल्यावर त्याचं सेटिंग करायचं सॉफ्टवेअर पण एकाकडेच. मग तो १९,२०० म्हणेल नाहीतर २९,२०० म्हणेल, तुम्ही तुलना कशाशी करणार? महाग आहे की वाजवी आहे हे सुद्धा आपल्याला ठरवता येत नाही, माझी तक्रार आहे ती हीच. आकडा मोठा असल्याची नाही.

आणि हे सगळीकडे असंच चालतं असंही नाही. निफाडला माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे, ऐन फवारणीत त्याचा ब्लोअर बंद पडला तर पिंपळगावला जाऊन पंपाचा डायफ्रॅम घेतो, तासाभरात बसवतो, कारण बागेला दुसऱ्या दिवसाची वाट बघायची सवय नसते. अजून नाजूक कामाचं उदाहरण पाहिजे तर सातपूरला बघा. मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरची कामं होतात, तिथला हिशोब मायक्रॉनमध्ये चालतो. तरी ट्रकचा इंजेक्टर गेला तर ट्रकवाला काय कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहत नाही. आडगावकडे, द्वारकेकडे पंप-नोझलवाले आहेत, त्यांच्याकडे टेस्ट बेंच आहे, पार्ट आहेत, सेटिंगच्या व्हॅल्यू आहेत. ज्या गावात मायक्रॉनचं काम टपरीच्या शेजारी होतं त्या गावाला तुम्ही सांगणार की लेन्सची पट्टी बदलणं फक्त आमच्याच लोकांना झेपतं? जरा मान ठेवा राव.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा मात्र खराच आहे आणि तो माझ्या अंगावर आलेला आहे. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या ७०-२०० लेन्समध्ये बुरशी झाली. पावसाळ्यात त्र्यंबक, अंजनेरी, हरिहर करून यायचं आणि ओली बॅग तशीच कपाटात टाकायची, दुसरं काय होणार. बुरशीला ओल आणि अंधार लागतो, कॅमेऱ्याच्या बॅगेत दोन्ही फुकट मिळतात, आणि ती नुसती काचेवर बसत नाही, जास्त दिवस राहिली तर कोटिंग खाते, मग पुसून पण डाग जात नाही. तेव्हा मी काकांकडे न जाता दुसऱ्या एकाकडे गेलो कारण तो पाचशे रुपये कमी घेत होता. त्याने साफ केली, काच चकाचक. पण बसवताना कुठेतरी कलली, आणि तेव्हापासून प्रत्येक फोटोची उजवी बाजू मऊ. ती लेन्स मी शेवटी पडेल भावाला विकली, घेणाऱ्याला खरं सांगून. (जाता जाता, लेन्समध्ये नुसती धूळ दिसत असेल तर उघडू नका, कोणाकडेच नाही. पुढच्या काचेच्या आत दोन-चार कण असले तर फोटोत काहीही फरक पडत नाही. मोबाइलची टॉर्च मारून लेन्समध्ये बघायची सवय आधी सोडा.)

तर कंपनीवाले म्हणतात, बघा, बाहेर दिलं की असं होतं. बरोबर. पण त्या माणसाने लेन्स का बिघडवली? त्याच्याकडे मॅन्युअल नव्हतं. कुठला स्क्रू आधी, कुठल्या ग्रुपखाली किती जाडीचा शिम (पातळ चकती), कुठली कॉलर हलवायची नाही, हे त्याने यूट्यूबवर बघून, दुसऱ्याच मॉडेलच्या व्हिडिओवरून अंदाजाने केलं. तुम्ही माहिती कुलपात ठेवणार, पार्ट कुलपात ठेवणार, आणि मग बाहेरचा माणूस चुकला की म्हणणार, बघा आम्ही सांगत नव्हतो! पोहायला शिकेपर्यंत पाण्यात उतरू नको, असं झालं हे.

आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, सामान बोटीने मुंबईला आलं, आणि सोबत आलेल्या स्केचवरून त्यांनी चारच दिवसांत ते सगळं जोडून उभं केलं. पुढच्या वर्षी राजा हरिश्चंद्र. यंत्र विकणाऱ्याने यंत्राबरोबर त्याचं स्केच पण दिलं होतं, हे मला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं. शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या व्यापाऱ्याला ते द्यावंसं वाटलं आणि आज लाख रुपये मोजून घेतलेल्या लेन्सबरोबर काय येतं, तर पंधरा भाषांतला कागद की उन्हात ठेवू नका, सूर्याकडे बघू नका.

बरं, सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हातात देता येत नाही म्हणावं तर तसंही नाही. सिग्माने यूएसबी डॉक काढला, टॅमरॉनने टॅप-इन कन्सोल काढला, लेन्स त्याच्यावर बसवायची, कॉम्प्युटरला लावायची, फोकस पुढे-मागे होत असेल तर घरी बसून दुरुस्त करायचा, फर्मवेअर, म्हणजे लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर, पण टाकायचं. म्हणून कुठे आभाळ कोसळलं नाही, लोकांनी लेन्सची वाट लावली असंही झालं नाही. द्यायचं ठरवलं की देता येतं.

उलट दिशेने जाणारे पण आहेत. निकॉनने अमेरिकेत २०१२ ला स्वतंत्र रिपेअरवाल्यांना पार्ट विकणं बंद केलं, आणि मार्च २०२० अखेर तर ज्या दुकानांना स्वतःच अधिकृत म्हणून मान्यता दिली होती त्यांचे करार पण संपवले. म्हणजे आधी गल्लीतला काका गेला, मग शहरातलं मोठं दुकान गेलं. अमेरिकेत हे होतं तर नाशिकच्या रविवार कारंजाची काय कथा.

तिथे लोकांनी मात्र कायदा करून घेतला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून नियम आहे की १०० डॉलर आणि त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूचे पार्ट, टूल आणि माहिती ते मॉडेल बनवणं बंद झाल्यावरही ७ वर्षं द्यायची, ग्राहकाला पण आणि बाहेरच्या रिपेअरवाल्याला पण. आपल्याकडे काहीच नाही असं पण नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता, कशासाठी, तर स्पेअर पार्ट आणि तपासणीची टूल बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. दंडावरून पुढे अपिलं आणि कोर्टबाजी झाली ती झाली, पण आयोगाने जे म्हटलं ते शब्दाला शब्द लेन्सला लागू पडतं. गाडी एकदा घेतली की ग्राहक त्या कंपनीच्या पार्टशी बांधला जातो. लेन्सचं दुसरं काय आहे?

मग जुलै २०२२ ला केंद्राच्या ग्राहक खात्याने राइट टू रिपेअरवर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कावर, समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल पण सुरू झालं. चार क्षेत्रं घेतली, शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरातल्या टिकाऊ वस्तू, वाहनं. मामेभावाचा ब्लोअर आला, त्याच्या मुलाचा मोबाइल आला, माझी बाइक आली, माझी लेन्स कुठेच नाव घेऊन आली नाही. टिकाऊ वस्तूंमध्ये बसवायची म्हटली तर बसेल, पण कोणी बसवायला पाहिजे ना. आणि ते पोर्टल म्हणजे कंपन्यांनी आपणहून माहिती टाकायची अशी व्यवस्था, बहुतेक ठिकाणी टाकलेली माहिती म्हणजे सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि टोल फ्री नंबर. पत्ता आम्हाला माहितीच होता हो.

कॅमेरा म्हणजे श्रीमंतांचा शौक, म्हणून यादीत नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा लग्नसराईत नाशिकच्या कुठल्याही लॉन्सवर यावं. स्टेजसमोर जी दोन-तीन पोरं वाकून उभी असतात त्यातल्या निम्म्यांनी कॅमेरा कर्जावर घेतलेला असतो आणि एखाद्याची लेन्स तर दुसऱ्याकडून दिवसाच्या भाड्याने आणलेली असते. टेम्पोवाल्याचा टेम्पो तशी त्याची लेन्स. सीझनमध्ये टेम्पो महिनाभर मुंबईला पडून राहिला तर काय होईल, तेच त्याचं होतं. ग्राहक कायद्यात व्यवसायासाठी घेतलेली वस्तू धरत नाहीत, पण स्वयंरोजगारासाठी, स्वतःचं पोट भरायला घेतलेली असेल तर धरतात, हे आमच्या फोटोग्राफर लोकांना माहितीच नसतं. आणि २०१९ च्या कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगात तक्रार करायला फी लागत नाही. मी केली का? नाही केली. लग्नसराई होती, कोण तारखांना जाणार. हे पण खरंच सांगायला पाहिजे.

आमच्या लोकांचे पण दोष सांगतोच. निम्मे जण दहा हजार वाचवायला बिनबिलाची, बाहेरून आलेली लेन्स घेतात आणि मग कंपनीने हात लावायला नकार दिला की गळा काढतात. काकांकडून बिल आम्हीच मागत नाही, मग काका कशाला देतील, आणि बिल नाही तर उद्या काही झालं तर कशाच्या जोरावर भांडणार? सेकंडहँड घेताना पहिला प्रश्न, "उघडलीये का?" उघडली असेल तर पाच हजार कमी. का कमी? चांगल्या माणसाने उघडून झिजलेली पट्टी नवीन टाकली असेल तर खरं म्हणजे दोन हजार जास्त द्यायला पाहिजेत, इंजिनचं काम केलेली गाडी आपण तशीच घेतो ना, कामाचं बिल बघून. पण लेन्सच्या बाबतीत कंपनीने आपल्या मनात बसवलंय की आत देव बसलाय आणि दार फक्त पुजाऱ्याने उघडायचं.

मला काय पाहिजे ते परत सांगतो कारण मध्ये खूप फिरून आलो. झिजणारे पार्ट, म्हणजे फ्लेक्स, माउंटची रिंग, मागचं रबर, झूमच्या कॉलर, फोकस मोटर, यांची यादी आणि किंमत लावा. मॅन्युअल द्या, फुकट नको, पैसे घेऊन द्या. सेटिंगचं सॉफ्टवेअर द्या, वर्षाची फी लावून द्या, काका भरतील, नाहीतर आम्ही चार जण मिळून भरू. आणि एस्टिमेटमध्ये नेमकं काय तुटलंय ते लिहा, 'युनिट' असं लिहू नका, डॉक्टर पण एक्सरेवर कुठलं हाड ते दाखवतो. तपासणीचे १,१८० घेतलेच आहेत तर त्या तपासणीत काय दिसलं ते माझ्या मालकीचं आहे.

यात कंपनीचं नुकसान आहे का? थोडं असेल. जी माणसं आज २७,९६६ ऐकून रिपेअरच करत नाहीत आणि लेन्स कपाटात टाकून देतात, त्यांच्याकडून आज कंपनीला शून्य मिळतंय, ती पार्टचे दोन-तीन हजार देतील. हां, आणि त्यातले काही जण नवीन लेन्स घ्यायचं पुढे ढकलतील, तिथे कंपनीला दुखेल, आणि मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे. २०१८ ला कॅनन आणि निकॉन दोघांनीही मिररलेससाठी नवीन माउंट आणले, तेव्हापासून जुन्या माउंटच्या लेन्स अडॅप्टरवर चालतात आणि छान चालतात. जुनी लेन्स ३,४०० मध्ये परत उभी राहत असेल तर नवीन दीड लाखाची कोण घेईल? घेतील हो, ज्याला पाहिजे तो घेतोच, नवीन लेन्स खरंच हलक्या आणि शार्प आहेत, मी पण डोळा ठेवून आहे. पण मी ती हौसेने घेईन, जुनीचा पार्ट मिळाला नाही म्हणून नाही.

एक काळजी मला खरी आहे. काकांच्या हाताखाली कोणी नाही. त्यांचा मुलगा पुण्याला आयटीत आहे. मी एकदा विचारलं, कोणी पोरगा ठेवा ना शिकायला, तर म्हणाले, "शिकवू काय? पट्ट्या चीनहून येतात त्या मॉडेलच्या दहा-बारा लेन्सचंच काम होतं आता. बाकीच्या आल्या की मी बघतो, कळतं काय गेलंय ते, आणि परत देतो." बाकीच्या म्हणजे नवीन माउंटच्या बहुतेक सगळ्या.

परवा सेन्सर साफ करून घ्यायला गेलो होतो. काकांच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडा होता, त्यात एक १००-४०० लेन्स पडलेली, झिप लॉक पिशवीत, सोबत वेगळ्या पुडीत तिचे स्क्रू आणि एक चिठ्ठी. नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एका रिटायर्ड मास्तरांची आहे म्हणे. फोकस मोटर गेलीये. कंपनीने मॉडेल जुनं झालं, पार्ट नाही म्हणून परत पाठवली, आणि बाहेर मोटर मिळत नाही. काका म्हणाले, तसलीच दुसरी बंद पडलेली कुठे मिळाली तर बघ, तिची मोटर काढून हिला लावतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) यायचे दिवस आले की मास्तरांचा फोन येतो, झाली का म्हणून.

तर कोणाकडे बंद पडलेली १००-४०० असेल, जुन्या मॉडेलची, काच फुटलेली असली तरी चालेल, फक्त मोटर चालू पाहिजे.